आमच्याकडून बरोबर, तिकडून आहे

आमच्या इंटरनेटच्या ऑफिसात तक्रारीचा फोन मी घ्यायची. नवरा आणि त्याची माणसं तारांच्या मागे, मी टेबलाशी. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या बाईला हे काम कसं काय जमतं, असं माहेरी गेले की विचारायचे. जमलं, कारण त्यात बोलायचं थोडंच असतं. समोरचं माणूस चिडलेलं असतं, ते आपलं बोलून घेतं. आपण शेवटी एक वाक्य टाकायचं. राउटर बंद करून चालू करा. मध्ये लाईट गेली होती का? संध्याकाळपर्यंत माणूस पाठवते. आणि कॉल तुटत असेल, समोरच्याचा चेहरा गोठत असेल, तर हे वाक्य: "आमच्याकडून लाईन बरोबर आहे. तिकडून आहे."

हे शेवटचं वाक्य माझं. नवऱ्याने शिकवलं नव्हतं.

रत्नागिरीच्या खाडीकाठी राहणाऱ्याला 'तिकडे' म्हणजे कुठे, हे सांगावं लागत नाही. दोन्ही काठांवरच्या घरांतली माणसं आखातात, नाहीतर जहाजावर. तिकडे उकाडा फार, तिकडे रजा मिळत नाही, तिकडून पेटी आली. तिकडे म्हणजे तिकडे. आणि पुष्कळदा दोष खरंच तिकडचा असायचा. तिथल्या काही सरकारांनी साध्या ॲपवरून बोलणं अडवून ठेवलेलं. माणसं सारखं नवं ॲप शोधायची, एका खोलीतले सगळे एकाच वायफायवर लोंबकळायचे. त्यामुळे मी 'तिकडून आहे' म्हटलं की लोकांना पटायचं. पटतं हे मला कळलं होतं, आणि मग मी ते नको तिथेही वापरायला लागले.

आमचा धंदा मुळात आवाजावरच उभा राहिलेला. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याचा काचेच्या खोक्याचा बूथ होता, परदेशी फोनचा. बायका आत उभ्या राहून मीटरच्या लाल आकड्याकडे बघत बोलायच्या आणि आकडा फार वाढला की मधलंच वाक्य टाकून निरोप घ्यायच्या. मग कॉम्प्युटर आला, कानांवर हेडफोन लावून नेटवरून स्वस्तात बोलणं आलं. ते कायद्यात बसतं का, हे कुणी धड सांगायचं नाही, पण दुकानासमोर चपलांचा ढीग असायचा. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि आमचा बूथ ओस पडला. आम्ही टीव्हीची केबल टाकत होतो, तिथून फायबरवर आलो. आंब्यावरून माडावर, माडावरून कुणाच्या तरी गोठ्याच्या छपरावर अशी तार नेली. ज्याच्या बागेतून तार जाईल त्याला कनेक्शन फुकट, असा तोंडी व्यवहार. मोहोराच्या दिवसांत फवारणीवाल्यांच्या शिड्या लागून तार तुटायची, तेवढाच काय तो त्रास.

आणि बोलणं फुकट झालं. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात दुपारी गेलं तर कितीतरी घरांत नवरा तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला दिसायचा. बायको मासे साफ करतेय, तो तिकडे जेवतोय, दोघंही बोलत नाहीत. नुसता फोन चालू. ह्याला लोक 'सोबत' म्हणायचे. "सोबत लावलीय," असं.

मग पैसेवाले आले. मुंबईची एक कंपनी, आमच्यासारखे छोटे केबलवाले गोळा करून एकत्र बांधणारी, आणि तिच्यामागे आणखी कुणीतरी मोठे, ज्यांचं नाव आम्ही कधी ऐकलं नाही. आमचा धंदा विकत घ्यायच्या आधी तपासायला त्यांनी पाठवलेली मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या आतल्या खोलीत बसायची. हुशार होती, बोलायला गोड. पहिल्या दिवशी मला मॅडम म्हणाली, आंबोळी खाल्ल्यावर काकू म्हणायला लागली. पूर्वी पैसा टॉवरमध्ये जायचा, आता गावागावांतल्या तारांत येतोय, कारण खांबापासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा मोठ्यांना स्वतः टाकायला परवडत नाही. तो तुकडा ज्याच्याकडे, त्याला भाव. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं. मी विचारलं, "आणि लोक बोलतात, त्याचं काय?"

"काकू, व्हॉइस म्हणजे ट्रॅफिकमध्ये चिमूटभर. त्यात आता कमाईच नाही, म्हणून ते कुणी बघत नाही."

ती वाईट अर्थाने बोलली नव्हती. जे आहे ते सांगत होती.

ते बघायचे ते तीन गोष्टींकडे. कनेक्शन किती वेगाने वाढतायत, स्पीड तपासला तर किती येतो, आणि तक्रारींत आमच्या दोषाच्या किती. कनेक्शन वाढवणं सोपं होतं. सणाची सवलत लावली, पहिला महिना फुकट केला, मागेल त्याला तार दिली. पण वरून जी लाईन आम्ही विकत घेतो ती तेवढीच राहिली. ती वाढवली असती तर ऐन तपासणीच्या काळात आमचा नफा कागदावर कमी दिसला असता. तेव्हा नवऱ्याने आत रांग लावली. स्पीड तपासणारं ॲप सर्वांच्या पुढे, त्याच्यामागे सिनेमे आणि मॅच, आणि बाकी सगळं शेवटी. एस्टीत ओळखीच्यांना पुढच्या दाराने चढवावं आणि उरलेल्यांनी मागे लोंबकळावं, तसं. आखातातून येणारा कॉल त्या 'बाकी सगळं'त होता.

सिनेमाचं काय, तो पुढचं थोडं आधीच भरून घेतो. बोलण्याला ती सोय नाही. मी स्वतः ऐकून बघितलं होतं. आवाज नेहमीच तुटायचा असं नाही. बऱ्याचदा तो नुसता उशिरा यायचा. आपण विचारावं, समोर शांतता, आणि मग उत्तर. माणूस विचारात पडलाय, असं वाटावं इतकी शांतता.

हे मला माहीत होतं. तरी फोन आला की मी म्हणायची, "तिकडून आहे," आणि कॉम्प्युटरवर तक्रार 'बाहेरचा दोष' म्हणून मिटवायची. बाहेरचा दोष आमच्या खात्यात धरला जात नव्हता.

पलीकडच्या मोहल्ल्यातून एकीचा फोन नेहमी यायचा. तिशीची असेल. नवरा तिकडे एसी दुरुस्तीच्या कामावर. सुरुवातीला ती हसत बोलायची.

"वैनी, आमचा मानूस परत गोठला. तोंड उघडा टाकून बसलाय, बांगड्यासारखा."

"तिकडून आहे गो. थोड्या वेळाने लाव."

"बांगड्याला पन एवढा येळ कोन तिखट लावून ठेवत नाय."

मग हसणं कमी झालं. मग ती फक्त एवढंच विचारायला लागली, की आज पण तिकडूनच काय. मी म्हणायची, हो, आज पण.

तपासणी संपत आली होती तेव्हा एके सकाळी ती होडीने ह्या काठाला आली आणि थेट ऑफिसात शिरली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, मुंबईची मुलगी आणि तिचे साहेब बसलेले, नवरा त्यांना चहा ओतत होता. ही माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"वैनी, मना एक खरा सांगा. तुमची लाईन बरोबर हाय ना?"

मी म्हटलं, "का गो? काय झालं?"

"त्याला मी इच्यारला. तिकडं दुसरा कोन हाय काय, म्हणून. उगाच नाय इच्यारला, त्याच्या खोलीतल्याची बायको काय काय बोलत होती म्हणून इच्यारला." तिने ओढणीचं टोक सोडलं. "तर गप. मी बघतेय, तो बघतोय, आन गप. मग म्हनतो नाय. एवढा येळ लागतो काय हो नाय म्हनायला?"

आतून साहेबांचा आवाज आला, ते कशाला तरी हसले.

"परत इच्यारला. परत तसाच. मग फोनच कापलान. रोज असा. ह्यो इषय काढला का फोन कापतो. माझा भाव येतोय सावर्ड्यावरना, शुक्रवारी, मना न्यायला. एकदा गेले का मग मोठी मानसा सोडचिठ्ठीचा बोलायला बसतील, मग माझ्या हातात काय ऱ्हायचा नाय. म्हणून आदी तुमच्याकडं आले. भावाला सांगीन, लाईनवाल्या वैनीना इच्यारून आले. तुमी बोला."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. केटली हातात धरून नुसता माझ्याकडे बघत होता. मुंबईची मुलगीही मान वळवून बघत होती, सहज.

"लाईन बरोबर आहे," मी म्हटलं.

"म्हंजे तिकडून."

"हो. तिकडून."

मग उठली, चपला घातल्या, म्हणाली, "बरा झाला, इच्यारला," आणि गेली. साहेबांनी आतून विचारलं, काय प्रॉब्लेम होता? नवरा म्हणाला, काही नाही, घरगुती.

त्या दिवशी मी जेवण केलं, वाढलं, भांडी घासली. नवऱ्याशी बोलले ते दुसऱ्या दिवशी, पडवीत, तो चहा घेत असताना.

"ती रांग काढा."

"आठवडाभर थांब. शेवटची तपासणी आहे."

"तिचा भाऊ शुक्रवारी येतोय."

"अगो, नवरा-बायकोचं भांडण वायरीवरून होतं काय? असेल काहीतरी त्याचं. नसतं तर तिने विचारलं असतं काय?"

"तो गप्प राहत नव्हता. तो बोलत होता. आपण उशिरा पोचवत होतो."

"प्रत्येक वेळी?"

तो कप ठेवून उठला. जाता जाता म्हणाला, "आणि तूच सांगितलंस ना तिला, तिकडून म्हणून. मी नाही सांगितलं."

खरं होतं. मला राग आला तो त्याच्या खरेपणाचा.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर ऑफिस उघडलं. रांग काढायला काही विद्या लागत नाही, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक खूण होती ती काढायची. मी काढली. मग कुलूप लावून धक्क्यावर गेले आणि होडीत बसले. होडीवाला म्हणाला, "आज तुमी स्वता? मानूस नाय पाठवला?" मी म्हटलं, "मोठी तक्रार आहे."

तिच्या घरी भाऊ येऊन बसलेला. ओट्यावर खुर्चीत, गाडीची किल्ली हातात फिरवत. दाराशी एक बॅग. सासू आतल्या भिंतीला टेकून, माझ्याकडे बघून म्हणाली, "या. बिल भरायचा ऱ्हायलाय काय?"

मी ती सगळी वाक्यं होडीत मनाशी नीट लावली होती. तिथे ती लागली नाहीत. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "चाची, दोष आमच्याकडून होता. तिकडून नव्हता. मी हिला खोटं सांगितलं."

ती आतून बाहेर आली होती. म्हणाली, "कवापासून?"

"दोन-अडीच महिने."

"मी तुमच्या हापिसात आले तवा पन?"

"तेव्हा पण."

भाऊ म्हणाला, "ह्या बाईना आता कोनी पाठवला? त्यानं फोन करून सांगितला काय, जाऊन बोला म्हणून?"

मी त्याला सांगितलं, कुणी पाठवलं नाही. कसं होतं तेही सांगायचा प्रयत्न केला. रांगेचं, उशिराचं. तो ऐकत होता, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं की माणूस आणि मशीन दोघांवरही त्याचा विश्वास बसत नाहीये. शेवटी म्हणाला, "म्हंजे त्यानं लगेच उत्तर दिलान आन तुमी अडवून ठेवलात. असा."

"असं झालं असेल."

"असेल म्हंजे?"

"प्रत्येक वेळी काय झालं ते मी कसं सांगू."

सासू सुनेला म्हणाली, "लाव फोन. बाय स्वता आल्यात तर त्यांच्यासमोर लाव."

तिने फोन लावला. तिकडे सुट्टीचा दिवस, तो खोलीवरच होता. चेहरा आला, स्वच्छ, गोठलेला नाही. भावाला बघून तो उठून बसला. तिने फोन माझ्या हातात दिला. "ह्याना बोलायचा हाय तुज्याशी."

मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. केस विरळ झालेला, थकलेला माणूस. मी त्याला सांगितलं. आवाज उशिरा जात होता तो आमच्यामुळे. कॉल तुटत होते ते आमच्यामुळे. तो ऐकत राहिला आणि मग त्याने जे विचारलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"म्हंजे ती फोन आपटत नव्हती?"

"नाही."

"मना वाटला, माझा तोंड बगून आपटते. म्हणून मी पन मग लावायचा कमी केला."

ती भिंतीकडे बघत होती. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतःसमोर धरला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "तिकडं दुसरा कोन हाय काय?"

"नाय," तो म्हणाला. लगेच. तिचं वाक्य पुरतं संपायच्या आतच.

तिने फोन थोडा खाली घेतला आणि मला विचारलं, "आता लाईन बरोबर हाय?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मग सांगा, ह्यो खरा बोलतो काय?"

मी म्हटलं, "ते मला कसं कळणार गो?"

"त्या दिवशी कळत होता ना तुमाला," ती म्हणाली. "तिकडून हाय म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झेलता आला असता. फोनमधून तो काहीतरी सांगत होता, आईची शपथ घेत होता. तिने त्याला थांबवलं.

"तू ये. रजा काढ, नायतर सोडून ये. हितं माझ्यासमोर बस, मग मी परत इच्यारीन. फोनवर आता काय इच्यारणार नाय."

"अगं, अशी रजा देतात काय—"

"मी सावर्ड्याला जाते हाय. मोठ्या मानसाना मी गप करते, तू येईपर्यंत कोन काय बोलनार नाय. आन आयक. आता मी फोन ठेवते. लाईन नाय तुटली. मी ठेवते. समजला?"

आणि तिने ठेवला. बॅग स्वतः उचलली. भाऊ उठून गाडीकडे गेला. सासूने दाराशी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी पन निगा आता, बाय. होडी सुटंल."

दुपारी तपासणीत आमचा स्पीड उतरलेला दिसला. मुंबईची मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, आज काय झालं?" मी म्हटलं, आज जे आहे ते आहे. व्यवहार झाला, पण नवऱ्याच्या मनात होता तसा झाला नाही. तो बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि माझ्याशी कामापुरतं बोलणं म्हणजे किती, ते त्याला माहीत होतं. आता तक्रारी घेणारी मुलं कुठल्याशा दूरच्या शहरात बसतात. त्यांना आमचं तिकडे आणि इकडे दोन्ही सारखंच.

तो आला. मोहोर धरून कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या, तेव्हा आला. परत गेला नाही, इथेच एसीची कामं घेतो. ती मात्र अजून सावर्ड्याला आहे. हा एस्टीने जातो, दोन दिवस राहतो, परत येतो. मोडलं म्हणावं तर मोडलं नाही. तिने त्याला समोर बसवून विचारलं का, आणि तो काय म्हणाला, हे मला माहीत नाही. विचारण्याच्या जागी मी आता नाही. बाजारात तो दिसला की सलाम करतो, आणि मला ते सहन होत नाही.

इतकं सगळं मी मोहल्ल्यात उभं राहून सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. तिने फोन समोर धरून प्रश्न विचारला आणि तो 'नाय' म्हणाला, ह्याच्यामध्ये काही अंतर नव्हतं, हे मी वर लिहिलंय. पण तिने तोंड उघडलं तेव्हा मी त्या स्वच्छ चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, गप्प राहा. लाईन बरोबर आहे, सगळे बघतायत, आता एकदा गप्प राहा. तो अडखळला असता तर दोष तिकडचा ठरला असता, आणि मी होडीत बसून हलक्या मनाने घरी गेले असते.